चाकामागचं कोळपं

ज्यांनी सायकल कोळपं पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी त्याचं रूप सांगतो. पुढे सायकलचं एक चाक, चिमट्याला जोडून मागे नेलेले पाइप, मधे जमिनीत दोन बोटं शिरेल अशी पोलादी पास आणि मागे धरायला हँडल. बैल नाही, इंजिन नाही. माणूस ढकलतो, थोडं मागे ओढतो, पुन्हा ढकलतो. जालना जिल्ह्यात सोयाबीन, तूर, कपाशीच्या तासांमधून ते आता सर्रास फिरतं. त्याच्यावर कुणा एकाचं नाव नाही. वेल्डिंगच्या दुकानात ते घडतं, आणि एका दुकानातलं दुसऱ्या दुकानातल्यासारखं क्वचितच असतं.

त्याच्या कुळाचं एक टोक तिफणीत आहे. दख्खनचा शेतकरी ओळीत पेरत आला, म्हणून दोन ओळींमधून अवजार फिरवणं शक्य झालं. इंग्लंडात जेथ्रो टल याने ओळीत पेरा आणि घोड्याच्या कोळप्याने मधली जमीन हलवा, हा आग्रह धरणारं पुस्तक १७३१ साली काढलं. त्याच शतकाच्या शेवटी थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याला दक्षिण भारतातले शेतकरी पाभरीसारख्या अवजाराने सरळ रेघेत पेरताना दिसले, आणि त्याने ते कौतुकाने मायदेशी लिहून कळवलं. आपल्याकडे जू, दोर, जानोळी आणि पास अशा जुळणीचं बैलांचं कोळपं तोवर कितीतरी पिढ्या चाललेलं होतं. तण काढणं हे त्याचं अर्धंच काम. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि ओल भेगांतून उडून जाते. पास वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं आपल्याकडे म्हणतात ते यासाठी. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पावसावर, तोही खंड पाडत येणाऱ्या, जगणाऱ्या जिल्ह्यात हे अर्धं पाणी थोडं नव्हे.

पण चार-पाच एकरांच्या रानासाठी बैलजोडी वर्षभर पोसायची कशी? जोडी गेली की उरतं खुरपं. उकिडवं बसून, गुडघे छातीशी, कंबर वाकलेली, एकेक वीत पुढे सरकत दिवस काढायचा. हे काम मुख्यतः बायकांच्या वाट्याला आलं. माझ्या मते शेकडो वर्षं या अवजाराच्या दांड्याची लांबी बदलावी असं कुणाला वाटलं नाही, त्याचं कारण तंत्राचं नाही. ज्यांची कंबर दुखत होती त्यांना अवजार घडवताना कुणी विचारलं नाही.

कुळाचं दुसरं टोक परदेशात सापडतं. अमेरिकेत सॅम्युअल लीड्स ॲलन याने १८६०च्या दशकाच्या अखेरीस बियाणं-खत पेरायचं हातयंत्र केलं. ते शनी ग्रहासारखं दिसायचं, म्हणून त्याला ‘प्लॅनेट’ नाव पडलं. पुढे ‘प्लॅनेट ज्युनियर’ या नावाने त्याची चाकाची हातकोळपी खपली. पण भाजीच्या वाफ्यात चालणारं ते अवजार थेट मराठवाड्यात आलं असं कुणी मानू नये. चाकामागे पास लावण्याची कल्पना, गरज पडली तशी, अनेक ठिकाणी सुचण्याजोगी आहे.

आपल्याकडे सायकल आणि शेतीची अवजारं यांचं नातं मात्र जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. त्याच घराण्याच्या उद्योगातून पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीशी त्या नांगराला आधी झुंजावं लागलं. सायकल कोळप्याला अशी अडचण आली नाही. त्याचं निम्मं सामान तर भंगारातलं. जालन्यात भंगाराला तसाही मान आहे. इथल्या भट्ट्या भंगार वितळवून सळया काढतात. एखादी जुनी सायकल त्यातून सुटून शेतात जाते, इतकंच.

कोळप्याचं खरं मर्म हँडलच्या उंचीत आहे. काम माणसाच्या मापाचं करण्याच्या शास्त्राला ‘अर्गोनॉमिक्स’ हे नाव पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्की याने १८५७ साली दिलं. पुढे १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये ते नव्याने रुजलं. आपल्या शेतकऱ्यांची मापं मात्र उशिरा घेतली गेली. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतल्या एल. पी. गिते आणि बी. जी. यादव यांनी ढकलत-ओढत चालवायच्या कोळप्याच्या हँडलचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष सोपा होता: हँडल खांद्याच्या उंचीच्या ०.७ ते ०.८ पट असावं. पुढे गिते आणि सहकाऱ्यांनी भारतीय शेतमजुरांच्या शरीराची ७९ मापं आणि ताकदीची १६ मापं २००९ साली ग्रंथरूपाने आणली.

आता गणित करून पाहा. खांदा जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर असलेल्या पुरुषाला हँडल ९५ ते १०८ सेंटिमीटरवर सोयीचं पडतं. १२५ सेंटिमीटर खांद्याच्या बाईला ८८ ते १००. म्हणजे ९५ ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दोघांचंही भागतं. वेल्डिंगवाला मोजपट्टी न लावता समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातावरून हँडल जोडतो. गिऱ्हाईक उंच पुरुष असेल तर घरातल्या बाईची कोपरं वर उचलली जातात, जोर खांद्यावर येतो आणि दुपारपर्यंत मान आखडते. पाइपात पाइप घालून दोन-तीन भोकं पाडली आणि नट-बोल्ट टाकला, की हँडल खाली-वर होतं. खर्च अगदी किरकोळ.

सायकलचं मूळ हँडल तसंच ठेवण्याची हौसही मला पटत नाही. ते बसून पुढे झुकलेल्या माणसासाठी बनलं. उभ्याने ढकलताना त्यात मनगट मुरडतं. मोठं चाक मात्र कामाचं, ढेकळांवरून सहज पार होतं. पासेचा कोन फार उभा असेल तर ती जमिनीत रुतते, फार आडवा असेल तर तणावरून घसरते. आणि वाफसा नसताना कोळपं कसंही बनवलेलं असो, काळी माती चाकाला चिकटून ते जड करते.

अलीकडे कोळप्यावर छोटं पेट्रोल इंजिन चढू लागलं आहे. ढकलण्याचे श्रम कमी झाले, पण मुठीत थरथर, कानात आवाज आणि तासाच्या टोकाला वळवताना उचलायचं वजन आलं.