काचेवरचे कवच

हाती वागवावयाच्या नाजूक वस्तूंचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यांच्या राखणीचाही इतिहास आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी बाई असो, की बेळगावच्या खडे बाजारातील दुकानदार असो, मोबाईल दोघांच्याही हाती आहे. नवा मोबाईल घेताच त्यावर स्क्रीनगार्ड लावावा की नाही, हा प्रश्न निघतो. प्रश्न किरकोळ दिसतो खरा. परंतु ज्या घरी बँकेचा निरोप आणि मुलांचा अभ्यास एकाच यंत्रावर येतो, तेथे पडदा फुटणे म्हणजे कित्येक दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणे होय.

मागच्या पिढ्यांनी हाच प्रश्न निराळ्या वस्तूंच्या बाबतीत सोडविला होता. शाळकरी मुलांची दगडी पाटी पडली, की पहिला आघात कडेवर बसे. म्हणून तिला लाकडी चौकट आली. लिहिण्याच्या भागावर मात्र कोणी आच्छादन घातले नाही. कराडजवळ ओगलेवाडीस १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला व पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील नावारूपास आला. कंदिलाच्या काचेभोवती तारा असत. त्यांतून उजेड बाहेर येई, पण धक्का काचेपर्यंत पोहोचत नसे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) खंदकातील मनगटी घड्याळांच्या काचेवर धातूची जाळी बसवीत. धोका कोणता, हे पाहूनच प्रत्येक वेळी कवच ठरले.

स्पर्शपडद्याचा इतिहासही याच वाटेने गेला. १९९६ साली आलेल्या पाम पायलटचा पडदा वरून मऊ असे व त्यावर लेखणीच्या टोकाने लिहावे लागे. त्यामुळे चरे टाळण्यासाठी वर पातळ पापुद्रा चिकटविण्याची चाल पडली. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९६२ सालीच रासायनिक रीतीने बळकट केलेली काच तयार केली होती. तप्त क्षारात बुडविलेल्या काचेतील सोडियमच्या लहान कणांची जागा पोटॅशियमचे मोठे कण घेतात. पृष्ठभाग घट्ट दाबला जातो व सहजासहजी तडकत नाही. पुरेशी मागणी नसल्याने ही काच मागे पडली. २००७ साली आयफोनच्या निमित्ताने त्याच विद्येला नवे आयुष्य लाभले.

मग अशा काचेवर पुन्हा दुसरी काच कशाला? उत्तर धुळीत आहे. पितळी किल्ली वा नाणे काचेहून मऊ असते. त्याने सहसा चरा पडत नाही. गारगोटीचा कण मात्र काचेहून कठीण असतो. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो मुख्यतः अशाच कणांचा बनलेला आहे. खिशातील रेतीचा एक कण जे करतो, ते किल्ल्यांचा जुडगा करीत नाही. पाकिटावरील ‘९एच’ या अक्षरांनीही फसू नये. ते माप पेन्सिलीच्या कठीणपणाचे आहे, हिऱ्यामाणकांच्या कोष्टकातील नव्हे.

तेव्हा शेतात, वखारीत वा बांधकामावर वावरणाऱ्याने स्क्रीनगार्ड अवश्य लावावा. चरा त्यावर पडेल, मूळ काच वाचेल. आणि तो तडकला, तर थोडक्या पैशांत बदलता येईल. ज्याचा मोबाईल बहुतेक वेळ मेजावरच असतो, त्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. मात्र कोपऱ्यावर पडलेला मोबाईल केवळ या कवचाने वाचेल, अशी आशा कोणीही धरू नये. त्यासाठी कडा किंचित वर आलेले आवरण हवे. दगडी पाटीच्या लाकडी चौकटीने जे काम केले, तेच काम ते करते.