नोकरी बदलली, आता पीएफ काढायचा की ट्रान्सफर करायचा? नेहमीच्या प्रश्नांची सोपी उत्तरं

पहिली नोकरी सोडली की दोन-तीन महिन्यांत मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "अरे, जुन्या कंपनीचा पीएफ कसा काढायचा?" त्याखाली लगेच उत्तरंही येतात. कोणी म्हणतं फॉर्म भर, कोणी म्हणतं एका माणसाचा नंबर देतो, तो करून देईल. पण मुळात तो पैसा काढायला हवा का, हे क्वचितच कोणी विचारतं. आपण आज तिथूनच सुरुवात करू. पीएफची बहुतेक कामं आता मोबाईलवरून होतात, त्यामुळे नक्की काय करायचं हे कळलं की पुढचं अवघड नाही.

पगारातून किती कापतात आणि ते जातं कुठे?

पीएफचा कायदा १९५२ चा आहे आणि कारभार ईपीएफओ ही सरकारी संस्था बघते. सर्वसाधारणपणे तुमच्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम पगारातून कापली जाते. कंपनीही तेवढेच १२ टक्के भरते. पण कंपनीचा सगळा वाटा तुमच्या पीएफ खात्यात येत नाही. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनचा हा हिशोब जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर होतो. ही मर्यादा २०१४ साली ठरली.

समजा तुमचं बेसिक १५,००० आहे. तुमचे १,८०० रुपये कापले जातील. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनमध्ये आणि ५५० पीएफमध्ये जातील. म्हणजे तुमच्या पीएफ खात्यात दर महिन्याला २,३५० रुपये जमा होतात. त्यावर सरकार दरवर्षी व्याजदर जाहीर करतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तो ८.२५ टक्के होता.

यूएएन म्हणजे काय? तो कुठे मिळतो?

यूएएन हा १२ आकडी नंबर आहे. कंपन्या कितीही बदला, यूएएन एकच राहतो. प्रत्येक कंपनीचं पीएफ खातं (मेंबर आयडी) मात्र वेगळं असतं आणि ती सगळी खाती या एका नंबराखाली येतात. यूएएन बहुतेक वेळा सॅलरी स्लिपवर छापलेला असतो. नसेल तर एचआरला विचारा किंवा उमंग ॲपमध्ये ईपीएफओच्या सेवांमध्ये शोधा.

नवीन कंपनीत रुजू होताना जुना यूएएन आठवणीने द्या. "माझा पीएफ नव्हता" असं सांगितलं, की दुसरा यूएएन तयार होऊ शकतो आणि मग दोन्ही जोडत बसण्याचा ताप तुम्हालाच होतो.

कंपनी खरंच पैसे भरते का, हे कसं कळेल?

पगारातून कापलं म्हणजे खात्यात जमा झालं, असं गृहीत धरू नका. एका महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. बघायचं असं:

१. उमंग ॲप उघडा, ईपीएफओ शोधा आणि पासबुक बघण्याचा पर्याय निवडा. यूएएन टाका, ओटीपी येईल, मग कंपनी निवडा.

२. नेट नसेल तर नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या. फोन आपोआप कट होतो आणि मेसेज येतो. यासाठी यूएएन ॲक्टिव्हेट असावा लागतो आणि त्याला आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं असावं लागतं.

पासबुकमध्ये एखादा महिना गायब दिसला तर आधी एचआरला लेखी, म्हणजे ईमेलवर विचारा. उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. सॅलरी स्लिप जपून ठेवा. पैसे कापल्याचा तुमच्याकडचा पुरावा तोच आहे.

मग काढू की ट्रान्सफर करू?

आता मुख्य मुद्दा. वरच्याच उदाहरणात तुम्ही २२ व्या वर्षी नोकरीला लागलात आणि दोन वर्षांनी सोडली. खात्यात व्याज धरून साधारण ६१,००० रुपये असतील. एवढ्यात एक चांगला फोन येतो, म्हणून हात शिवशिवतातच!

तेच ६१,००० वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत तसेच ठेवले आणि सरासरी ८ टक्के व्याज धरलं, तर ३४ वर्षांत ते सुमारे ८.३ लाख होतात. तेही पुढे एक रुपया न भरता. अर्थात व्याजदर दरवर्षी ठरतो, त्यामुळे हा आकडा अंदाजच आहे. आणि महागाईही धरायला हवी. ती वर्षाला ६ टक्के धरली तर त्या ८.३ लाखांची किंमत आजच्या हिशोबाने सव्वा लाखाच्या आतच येते. म्हणजे कोणी कोट्यधीश होणार नाही, पण आजच्या ६१ हजारांची खरी ताकद जवळजवळ दुप्पट होते. प्रत्येक नोकरीनंतर पैसे काढले तर मात्र दरवेळी मोजणी शून्यापासून सुरू होते.

लगेच ट्रान्सफर जमलं नाही तरी घाबरू नका. नवीन पैसे आले नाहीत तरी जुन्या खात्यावर ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळत राहतं.

खरंच अडचण असेल, घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तर पैसे काढण्यात काही चूक नाही. पैसा तुमचाच आहे. फक्त नियम बघून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने काढण्याचे नियम सोपे करायचं ठरवलं. त्यानुसार किमान २५ टक्के रक्कम खात्यात ठेवायची आणि बेरोजगारीत पूर्ण खातं रिकामं करण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून १२ महिने करायची. क्लेम टाकाल त्या दिवशी पोर्टलवर कोणता नियम दिसतो, तो वाचूनच पुढे जा.

काढले तर टॅक्स लागतो का?

सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढले तर ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर टीडीएस कापतात. पॅन जोडलेला असेल तर १० टक्के, नसेल तर जास्त. आजारपणामुळे नोकरी सुटली किंवा कंपनीच बंद पडली, तर यात सूट आहे.

इथे बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. पीएफ ट्रान्सफर केला की जुन्या नोकरीची वर्षंही या पाच वर्षांत मोजली जातात. दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, झाली पाच.

ट्रान्सफर कसं करायचं?

१. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएन आणि पासवर्डने लॉगिन करा.

२. 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' हा पर्याय निवडा.

३. जुनी आणि नवी कंपनी तपासा, ओटीपी टाका आणि रिक्वेस्ट पाठवा.

४. काही दिवसांनी 'ट्रॅक क्लेम स्टेटस'मध्ये बघा.

काही वेळा ट्रान्सफर आपोआपही होतं. त्यामुळे आधी पासबुक बघा, मग रिक्वेस्ट टाका.

ट्रान्सफर झालं, पण पेन्शनचे पैसे आलेच नाहीत!

नवीन पासबुकमध्ये पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही आणि लोकांना वाटतं पैसे बुडाले. तसं नसतं. पेन्शन जमलेल्या रकमेवर ठरत नाही, ती पगार आणि नोकरीच्या वर्षांवर ठरते. सूत्र असं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० आणि नोकरी १५ वर्षं असेल तर महिन्याला साधारण ३,२१४ रुपये. म्हणून ट्रान्सफरमध्ये पुढे जातात ती तुमची वर्षं. पेन्शनसाठी किमान १० वर्षं लागतात. मध्येच पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात.

क्लेम रिजेक्ट का होतो?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहायची पद्धत आहे. आधारवर तिन्ही असतात, कंपनीने मधलं नाव गाळलेलं असतं, बँकेत नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर हा त्रास जास्तच होतो. आधार, पॅन, बँक आणि पीएफ, चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, हे नोकरीत असतानाच तपासा. तेव्हा एचआर फोन तरी उचलतो.

दुसरं कारण म्हणजे जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते. शेवटचे पैसे जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून ती तुम्ही स्वतः टाकू शकता.

नॉमिनी टाकलाय का?

पोर्टलवर 'ई-नॉमिनेशन' आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर कुटुंबाला पीएफ आणि पेन्शनशिवाय ईडीएलआय विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. नॉमिनी नसेल तर ऐन दुःखात आई-वडिलांना किंवा बायको-मुलांना कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात. लग्न झाल्यावर नॉमिनेशन नव्याने करा.

"पीएफ काढून देतो" म्हणणाऱ्यांचं काय?

ऑनलाइन क्लेमला कुठलीही फी नाही. ईपीएफओ फोन करून ओटीपी, पासवर्ड किंवा आधार नंबर मागत नाही. ॲप फक्त अधिकृत स्टोअरवरूनच घ्या आणि पासबुकचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कॉल करा. पीएफची शंका असेल तर ईपीएफओची हेल्पलाइन १४४७० आहे.

माझ्या कामात पीएफच नाही, मी काय करू?

डिलिव्हरी, फ्रीलान्स किंवा दुकानातलं काम असेल तर स्वतःच सुरुवात करावी लागेल. पीपीएफ वर्षाला ५०० रुपयांपासून सुरू ठेवता येतो, मुदत १५ वर्षांची. १८ ते ४० वयाच्या आणि इन्कम टॅक्स न भरणाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. ६० नंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, ३० व्या वर्षी सुरू करणाऱ्याला ५७७. उशिराची किंमत या दोन आकड्यांतच दिसते.

आज एवढंच करा

उमंगमध्ये पासबुक उघडा आणि मागच्या महिन्याचे पैसे आलेत का बघा. नाव आणि जन्मतारीख जुळवा. नॉमिनी भरा. आणि जुन्या कंपनीचं खातं तसंच पडून असेल, तर आजच ट्रान्सफर टाका. नवीन फोन आणखी दोन वर्षांनी जुना होईल, हे पैसे मात्र तोवर वाढलेले असतील.