वणवा आणि पालापाचोळ्यातील धातुचक्र

वणवा आणि पालापाचोळ्यातील धातुचक्र : अरण्यभूमीवर साचून कुजणाऱ्या पानांतून, सालींतून व काटक्यांतून धातूंची मृदेकडे, पाण्याकडे आणि पुन्हा वृक्षांकडे जी रवानगी अव्याहत चालू असते, तिच्यावर वणव्याचा होणारा परिणाम. कुजण्याने जे वर्षानुवर्षे घडते ते अग्नी तासाभरात उरकतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु अग्नी धातूचा केवळ वेग वाढवीत नाही, तर त्याचे रासायनिक रूप पालटतो, ही गोष्ट त्या विधानात हरवते.

पानगळीपूर्वी वृक्ष पानांतील नायट्रोजन व फॉस्फरस यांचा बराचसा वाटा माघारी ओढून घेतो. कॅल्शियम व मँगॅनीज मात्र पानाबरोबरच खाली येतात. पाचोळ्यातील पोटॅशियम पहिल्या पावसांतच धुऊन जाते. उलट लोह, ॲल्युमिनियम व शिसे ह्यूमसच्या कब्जात राहतात, आणि पानाचे वजन जसजसे घटते तसतसे त्यांचे प्रमाण वाढत जाते. मँगॅनीजचे कार्य या सर्वांहून निराळे आहे. लाकडातील चिवट लिग्निन फोडणारी कवके आपल्या एंझाइमांच्या साहाय्याने द्विसंयुजी मँगॅनीजचे त्रिसंयुजीत रूपांतर करतात आणि ऑक्झॅलिक अम्लासारख्या अम्लांनी बांधलेल्या त्या रूपाकडून लिग्निनवर प्रहार करवितात. म्हणून स्वीडनमधील पाइन व स्प्रूस वनांत, ज्या पाचोळ्यात मँगॅनीज अधिक तो अखेरच्या अवस्थेत अधिक कुजतो, असे आढळले आहे.

वणवा या व्यवस्थेत दोन बाजूंनी ढवळाढवळ करतो. पूर्ण ज्वलनानंतर उरणाऱ्या पांढुरक्या, पिठासारख्या राखेत कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडे व कार्बोनेटे असतात, त्यांच्या योगाने मृदेची अम्लता घटते आणि कित्येक धातू तेवढ्यापुरते अविद्राव्य होतात. अर्धवट ज्वलनाने उरलेला काळा कोळसा धातू धरून ठेवतो, पण स्वतः सहजी कुजत नाही. मँगॅनीज जागेवर असते. त्याला कामाला जुंपणारी कवके मात्र होरपळलेली असतात.

पाऱ्याची कथा याच्या उलट. पाने तो पर्णरंध्रांतून हवेतूनच शोषतात, आणि पानगळीनंतर तो ह्यूमसमधील गंधकयुक्त गटांना घट्ट बिलगून दशकानुदशके पडून राहतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३५७° से. असल्याने, आणि भूमी त्याहून कमी तापली तरी तो सुटू लागत असल्याने, वणव्यात त्याचा बहुतांश वायुरूपाने निसटतो व दूरदेशी जाऊन उतरतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तेथील अरण्यात मुरलेल्या सीझियम-१३७ चा काही अंश एप्रिल २०२० च्या वणव्यांनी असाच धुरावाटे पुन्हा उधळला.

क्रोमियमच्या बाबतीत धातू पाचोळ्यातील नसून त्याखालच्या मृदेतील असतो. पाचोळा व झुडपे हे फक्त इंधन. कॅलिफोर्नियातील २०२० च्या हेनेसी वणव्यानंतर क्रोमियमयुक्त सर्पेंटाइन शैलावरील मृदेत निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियमपासून कर्करोगजनक षट्संयुजी क्रोमियम बनल्याचे, आणि वाऱ्यासवे उडू शकणाऱ्या बारीक धुळीत ते कित्येक महिने टिकल्याचे संशोधकांना दिसून आले.

विदर्भातील शुष्क पानझडी वनांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची वहिवाट आहे. ती आग बुटकी व चपळ असते. शिवाय वाळवी व पावसाळा मिळून तेथील बहुतेक पाला लवकर संपवीत असल्याने, ह्यूमसचा जो जाड थर स्वीडन-कॅनडासारख्या उत्तरेकडील देशांतील वनांत पारा साठवतो तो येथे सहसा जमत नाही. त्यामुळे स्वीडनचे वा कॅनडाचे हिशेब विदर्भातील मेळघाटाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.