न दिसता गाजलेला नट : क्लॉड रेन्स

नोव्हेंबर १९३३. अमेरिकेत 'द इन्व्हिजिबल मॅन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील नायकाचा चेहरा पट्ट्यांखाली झाकलेला. पट्ट्या सोडल्या, तर आत केवळ पोकळी. अगदी शेवटी, मृत्युशय्येवर, तो चेहरा काही क्षण दिसतो आणि चित्रपट संपतो. एवढ्या दर्शनावर चव्वेचाळीस वर्षांचा एक इंग्रज नट हॉलिवूडमध्ये स्थिरावला. नाव क्लॉड रेन्स. त्याच्याजवळ भांडवल होते ते आवाजाचे, आणि तो आवाज त्याला जन्मतः लाभलेला नव्हता.

रेन्सचा जन्म १८८९ चा, थेम्सच्या दक्षिणेकडील लंडनमधला. वडील फ्रेड रेन्स हेही नट. पण घरात दारिद्र्य, आणि भावंडांपैकी बहुतेक बालपणीच दगावली. मुलाच्या जिभेवर कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकऱ्यांची बोली. त्यात तोतरेपणा. शिवाय 'र' उमटत नसे, म्हणजे स्वतःचे आडनावही धड सांगता येत नसे! त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणसाने तोंड उघडले की त्याचा वर्ग कळे. रंगभूमीवर राजे-सरदार शुद्ध इंग्रजी बोलत; कॉकनी उरे ती नोकरांना आणि विनोदी पात्रांना.

हा मुलगा 'हिज मॅजेस्टीज' नाट्यगृहात नटांना प्रवेशाची वर्दी देण्याचे काम करू लागला. तेथील सूत्रधार सर हर्बर्ट बीरबोम ट्री. त्यांनी या पोऱ्यातील नट हेरला आणि स्वतःच्या खर्चाने त्याची उच्चारशिक्षणाची सोय केली. पुढची कमाई मात्र रेन्सच्या घोकंपट्टीची होती.

मग महायुद्ध आले. रेन्स लंडन स्कॉटिश पलटणीत भरती झाला. पुढे हॉलिवूडमध्ये नाव काढणारे रोनाल्ड कोलमन, बेझिल रॅथबोन आणि हर्बर्ट मार्शल हेही याच पलटणीतले. १९१६ मध्ये विमीच्या आघाडीवर विषारी वायूच्या हल्ल्यात रेन्सच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. घशालाही इजा झाली. ज्या आवाजासाठी वर्षे खर्ची घातली, तोच धोक्यात आला होता. आवाज वाचला. डोळ्याचे अधूपण त्याने जन्मभर इतके बेमालूम लपवले की पडद्यावर ते ओळखू येत नाही. युद्ध संपले तेव्हा तो कॅप्टन होता.

ट्री यांनी १९०४ मध्ये स्थापन केलेल्या नाट्य अकादमीत रेन्स पुढे शिक्षक झाला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे तेथील त्याचे विद्यार्थी. या दोघांनाही ऑस्कर मिळाले. गुरूला चार नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

'इन्व्हिजिबल मॅन'ची भूमिका मिळाली त्याची कथा अशी सांगतात : दुसऱ्याच एका चित्रपटासाठी दिलेल्या चाचणीत रेन्स नापास झाला होता, पण त्या चाचणीतला आवाज दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या कानी पडला. व्हेल हे स्वतः डडलीच्या भट्टीकामगाराचे पुत्र, मूळची बोली प्रयत्नपूर्वक पुसून टाकलेले. या आवाजामागची मेहनत त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळली असती?

पुढल्या भूमिका पाहाव्यात. 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मधील विकला गेलेला सिनेटर, 'कॅसाब्लांका'तील लाचखाऊ पोलीस अधिकारी, हिचकॉकच्या 'नोटोरियस'मधील नाझी. बोलणे रेशमासारखे आणि नियत खोटी, अशी ही माणसे. तरी तिघांचीही कीव येते. रेन्सचे खरे मोठेपण त्यातच आहे, अदृश्य माणसाच्या गडगडाटी हास्यात नव्हे. रंगभूमीही सुटली नाही. १९५१ मध्ये ब्रॉडवेवरील 'डार्कनेस ॲट नून'मध्ये, स्वतःच्याच क्रांतीने तुरुंगात टाकलेल्या वृद्ध क्रांतिकारकाच्या भूमिकेसाठी त्याला टोनी पुरस्कार मिळाला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'नंतर पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, तो वारला.

त्याच्या कन्येने सांगितलेली एक आठवण आहे. पेनसिल्व्हेनियातील एका लहान चित्रपटगृहात 'इन्व्हिजिबल मॅन' पुन्हा लागला होता, म्हणून तो तिला घेऊन गेला. कडाक्याची थंडी, तोंडाभोवती मफलर, वर टोपी, चेहरा जवळपास झाकलेला. खिडकीशी त्याने तिकिटे मागितली आणि आतल्या माणसाने आवाजावरून त्याला ओळखले. पैसे घ्यायला तो तयार होईना. रेन्सने मात्र पूर्ण पैसे मोजले, आणि मगच बापलेक आत गेले.