रॉयल ऑपेरा हाऊस: २३ वर्षं बंद राहिलेलं नाट्यगृह पुन्हा कसं उघडलं?

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळच्या अख्ख्या भागालाच ‘ऑपेरा हाऊस’ म्हणतात. हिरे बाजारामुळे हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण ज्या इमारतीवरून ते पडलं, ती आतून किती जणांनी पाहिली असेल?

फोटोंखाली हमखास ‘व्हिक्टोरियन थिएटर’ असं लिहिलेलं दिसतं. ते बरोबर नाही. राणी व्हिक्टोरियाचं निधन १९०१ मध्ये झालं आणि या नाट्यगृहाचं उद्घाटन पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ मध्ये. शैली आहे बरोक, म्हणजे भरपूर नक्षी आणि सोनेरी झगमगाट. खऱ्या व्हिक्टोरियन काळातलं नाट्यगृह म्हणजे १८४६ चं ग्रँट रोड थिएटर. नाना शंकरशेट यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं आणि विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी १८५३ मध्ये तिथे मराठी नाटक केलं. आज ते शोधूनही सापडणार नाही.

ऑपेरा हाऊस उभारलं कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे पारशी उद्योजक जहांगीर फ्रामजी कराका यांनी. उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम चालूच होतं! नावाला ‘रॉयल’ असलं तरी इथे फक्त साहेबांचे ऑपेरे झाले नाहीत. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर अशा मंडळींनीही हा रंगमंच गाजवला.

मग सिनेमा आला. १९३५ मध्ये नाट्यगृहाचं चित्रपटगृह झालं आणि पुढे बाजूचे शाही बॉक्सही गेले. १९५२ मध्ये इमारत गोंडलच्या राजघराण्याकडे आली. व्यवसाय बसल्यावर १९९३ मध्ये दारं बंद झाली ती थेट २०१६ पर्यंत. अशा मोक्याच्या जागी २३ वर्षं रिकामी असलेली इमारत पाडली गेली नाही, हेच मोठं नवल. मालकांनी ती विकली नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुने फोटो शोधून आणि रंगांचे थर खरवडून मूळ रूप परत आणलं. २०१७ मध्ये युनेस्कोनेही या कामाचा गौरव केला.

आत गेलात तर आधी मान वर करा. घुमटाचे आठ भाग कलावंतांना वाहिलेले आहेत. मग प्रवेशदालनातली झुंबरं पाहा. ती ससून कुटुंबाने दिलेली आहेत.

सिमल्याचं १८८७ चं गेईटी थिएटर तिकीट काढून दिवसा फिरून बघता येतं. इथे मात्र सोपा मार्ग म्हणजे एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट. मार्गदर्शकासह हेरिटेज फेरी असेल तर तारीख आधी विचारून घ्यावी. हिंगोलीकरांसाठी २०२४ पासून जनशताब्दी थेट मुंबईला जाते. दादरला उतरायचं आणि पश्चिम रेल्वेची धिमी लोकल पकडून चर्नी रोड गाठायचं.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृहही याच पिढीतलं, शाहू महाराजांनी बांधलेलं. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.