टेनिस एल्बोचं ऑपरेशन आणि राहून गेलेला कंट्रोल ग्रुप

मे २००५ मध्ये लंडनला सचिन तेंडुलकरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. मी तेव्हा शाळेत होते. क्रिकेट खेळणाऱ्याला टेनिसचा आजार कसा, एवढाच प्रश्न मला पडला होता. गेल्या वर्षी पोळ्या लाटून आईचं कोपर धरलं. सहा महिन्यांनी ऑपरेशनचा विषय निघाला, तेव्हा मी या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतला.

१८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरने हे दुखणं नोंदवलं, तेही लिहिताना होणारा त्रास म्हणून. टेनिसचं नाव चिकटलं ते १८८० च्या दशकात, इंग्लंडमध्ये. पुढे शस्त्रक्रिया आल्या. कुणी स्नायूंचं मूळ हाडापासून सोडवलं, तर १९५५ मध्ये बॉसवर्थने कोपरातल्या कड्यासारख्या अस्थिबंधाकडे बोट दाखवलं. दुखण्याचं कारण ज्याला जिथे दिसलं, तिथे त्याने सुरी चालवली.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या निर्शल आणि पेट्रोन यांनी मनगट मागे वळवणाऱ्या एका स्नायूच्या टेंडनमधला खराब भाग काढून टाकायची पद्धत मांडली. ८२ रुग्णांची ८८ कोपरं, त्यांपैकी ९७.७ टक्के सुधारली! या कामातून एक मोलाची गोष्टही कळली: तिथे नेहमीची सूज नसते, टेंडनची रचनाच बिघडलेली असते.

पण थांबा. तुलना कोणाशी केली? कंट्रोल ग्रुप नव्हताच. बहुतेकांचा हा त्रास वर्ष-दीड वर्षात ऑपरेशनशिवायही कमी होतो. शिवाय माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर सक्तीची विश्रांती. मग श्रेय नक्की कशाला द्यायचं?

हा प्रश्न क्रोस्लाक आणि मरेल यांनी ऑस्ट्रेलियात तपासला. २६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. १३ जणांवर निर्शलची शस्त्रक्रिया. उरलेल्या १३ जणांची फक्त त्वचा उघडून टेंडन पाहिला आणि टाके घातले. आपण कोणत्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. २०१८ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गट सुधारले, आणि खरी शस्त्रक्रिया नुसत्या चिरेपेक्षा सरस ठरली नाही.

आता यावरून 'ऑपरेशन निरुपयोगी' असं लिहून मोकळं होऊ नका. २६ हा आकडा लहान आहे. छोटा फरक त्यात निसटू शकतो. पण १९७९ ते २०१८ म्हणजे ३९ वर्षं! ९७.७ सारखा आकडा हाती आला की पुढचा प्रश्न विचारायचं राहूनच जातं. आपल्या प्रयोगवहीतही हेच होतं.

आईने विचारलं, "मग करू की नको?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार, आणखी थोडं थांबलं तर काय बिघडेल?" तिने विचारलं. सध्या व्यायाम चालू आहे, आणि पोळ्या बाबा लाटतात.