छातीतील कळ आणि सुरुंगाची दारू

छातीत कळ येणाऱ्या माणसाला डॉक्टर एक बारीक गोळी देतात व ती गिळू नका, जिभेखाली धरा, असे बजावतात. या दुखण्यास ते 'अंजायना' म्हणतात. वैद्य 'हृच्छूल' म्हणतात. या गोळ्यांच्या कुळातील मूळ औषध म्हणजे ग्लिसरील ट्रायनायट्रेट. हे झाले दवाखान्यातील नाव. स्फोटकांच्या कारखान्यात त्याच द्रव्याला नायट्रोग्लिसरीन म्हणतात, आणि त्याने डोंगर फुटतो. जवाहरनगरची आयुध निर्माणी आम्हां भंडारेकरांच्या उशाशी आहे. म्हणून या दोन नावांचा इतिहास आम्हांस ठाऊक असावा.

१८४७ साली इटलीतील तुरीन येथे सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य प्रथम तयार केले. ते जिभेला किंचित लावताच त्याचे डोके भयंकर दुखू लागले. १८६७ साली नोबेलने त्याचा डायनामाइट केला आणि ती डोकेदुखी कामगारांच्या वाट्यास आली. सोमवारी कामावर येताच डोके ठणके. आठवडाभरात अंग सरावे. रविवारी सराव मोडे. तो मोडू नये म्हणून कोणी टोपीत स्फोटकाचा अंश ठेवून घरी जात. पुढे असेही आढळले, की वर्षानुवर्षे हे काम केलेल्या काहींना नेमकी सुट्टीतच छातीत कळ येई. काही अकस्मात दगावत.

१८७९ साली लंडनचे डॉ. विल्यम मरेल यांनी हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत हृच्छूलावर गुणकारी असल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात व हृदयाचा भार उतरतो. डोके दुखते तेही त्यामुळेच. १८९६ साली खुद्द नोबेललाही डॉक्टरांनी तेच घेण्यास सांगितले. आज अशी औषधे नित्य घेणाऱ्यास डॉक्टर दिवसातून काही तास मोकळे ठेवतात, कारण शरीर सरावले की गुण येत नाही. सोमवारच्या कामगाराने हा नियम डोके धरून शिकला होता.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटात आठ कामगार गेले. स्फोटाचा आवाज गावोगाव पोहोचतो. हळूहळू अंगात भिनणाऱ्या विषाला आवाज नसतो. म्हणून आमचे मागणे इतकेच, की कामगार डॉक्टरांकडे गेला म्हणजे त्याने आपले काम सांगावे आणि डॉक्टरांनी ते कागदावर नोंदवावे. औषधाच्या इतिहासात सोब्रेरो आणि मरेल यांची नावे आहेत. त्या डोकेदुख्या ज्यांनी सोसल्या, त्यांचे एकही नाव आमच्यापर्यंत आलेले नाही.